पहिली ओळख कोणाच्या हवाल्याने?

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या निबंधापासून बिटकॉइनला केंद्र नाही, मालक नाही, मुखत्यार नाही, हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की, ज्या जाळ्याला केंद्रच नाही त्यात नव्याने शिरू पाहणाऱ्या संगणकाला आपले पहिले सोबती कोठून सापडतात, हा साधा प्रश्न विचारण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही.

आरंभीच्या वर्षांत नवा नोड, म्हणजे या जाळ्यात सामील होणारा संगणक, इंटरनेटवरील एका सार्वजनिक गप्पांच्या दालनात शिरून तेथे हजर असलेल्यांचे पत्ते टिपून घेत असे. ती रीत मागे पडली. आज बिटकॉइन कोअर ही प्रचलित आज्ञावली प्रथम सुरू होते तेव्हा तिच्यातच लिहून ठेवलेल्या मोजक्या डीएनएस नावांकडे ती विचारणा करते, आणि ही नावे सांभाळणारी मंडळी म्हणजे त्या वर्तुळातील बोटांवर मोजता येतील इतके स्वयंसेवक होत. तेथूनही दाद लागली नाही तर आज्ञावलीबरोबर आलेली पत्त्यांची एक ठरावीक यादी कामी येते. केंद्र नाही खरे, पण वेस आहे, आणि वेशीवर काही ओळखीची माणसे बसलेली आहेत!

आत गेल्यावरचा व्यवहार मात्र कौतुकास्पद आहे. नोड आपल्या सोबत्यांकडे आणखी पत्ते मागतो, स्वतःहून साधारण दहा जोडण्या करतो आणि नवी नोंद हाती आली की ती सरसकट पाठवीत न सुटता, आपल्यापाशी अमुक नोंद आहे एवढीच वर्दी देतो. ज्याला ती हवी असेल त्याने मागून घ्यावी. जुने दप्तर उतरवून घेतानाही आधी प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्याचा, अवघ्या ८० बाइटांचा मथळा तपासला जातो, मागील मथळ्याशी त्याचा सांधा जुळतो की नाही आणि त्यामागे आवश्यक तेवढे गणनाश्रम झाले आहेत की नाहीत याची शहानिशा होते, आणि मगच मूळ मजकूर अनेक सोबत्यांकडून एकाच वेळी मागवला जातो. येथे कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. बनावट नोंद गणितापुढे टिकत नाही.

खोटी नोंद अशी उघडी पडते. खोटा शेजार मात्र उघडा पडत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या रचनेचे खरे मर्मस्थान तेच आहे. हाइलमन, केंडलर, झोहार आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, एखाद्या नोडच्या पत्त्यांच्या वहीत आपलेच पत्ते भरून आणि तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहून त्याच्या सर्व जोडण्या एकाच हल्लेखोराला बळकावता येतात. असा वेढलेला नोड एकही नियम मोडत नाही, येणारी प्रत्येक नोंद इमानाने तपासतो, आणि तरीही बाहेरच्या जगात कोणती पाने लिहिली गेली याविषयी अंधारात राहतो. त्यानंतर वहीची रचना सुधारण्यात आली. निरनिराळ्या पत्तासमूहांतून सोबती निवडण्याची जुनी खबरदारी होतीच, तीत पुढे बंद पडण्यापूर्वीच्या दोन जोडण्या स्मरणात ठेवण्याची भर पडली. पण तारांचे काय? २०१७ च्या एका अभ्यासात बिटकॉइनचे ३० टक्के नोड अवघ्या १३ इंटरनेट जाळ्यांच्या आश्रयाला असल्याचे आढळले होते.

ही चर्चा परक्या चलनापुरती असती तर ती तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला, तेव्हाच हा विषय आपल्या महसुली दप्तराच्या दाराशी आला. नोंद अक्षय आहे या ग्वाहीवर मी समाधानी नाही. ती तपासणारा संगणक कोणाचा, आणि तो कोणाला विचारून उत्तर देतो, हे मला कळले पाहिजे. कचेरीने एकाच कंपनीच्या सेवेतून उत्तर मागवायचे असेल तर जुन्या कारकुनाच्या जागी नवा कारकून आला, एवढेच घडले. म्हणून अशा कामाच्या निविदेतच शासनाने स्वतःचे नोड चालवावेत, ते निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीवर असावेत, आणि त्यांना पहिले पत्ते कोण पुरवील, हे नावानिशी लिहावे.