गुण येईपर्यंत

'गुण' या शब्दाचे तीन अर्थ आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. माणसाचा गुण, परीक्षेतले गुण आणि औषधाचा गुण. पहिल्या दोहोंवर आमचा व्यवसाय उभा आहे. तिसरा मात्र २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत आमच्यासाठी नुसता कोशातला अर्थ होता.

'आम्ही' म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे दोघे. आमच्यापैकी एकाने त्या वर्षी १८ जुलैला नैराश्यावरील औषधाची पहिली गोळी घेतली आणि दुसऱ्याने पुढचे सहा आठवडे सोबत केली. कोण कोणता, हे सांगण्याचे आम्ही टाळत आहोत. त्यात संकोच आहे, हे मान्य. पण या काळाविषयी जे म्हणायचे आहे ते दोन्ही बाजूंनी एकत्रच म्हणता येते, हेही तितकेच खरे. त्या दिवशी अधिक श्रावण लागला होता. पंचांगाचा हिशेब जुळावा म्हणून मध्येच घातलेला हा महिना. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. दिवस येतात, जातात, कशात धरले मात्र जात नाहीत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता, "या महिन्यात कोणताही मोठा निर्णय घेऊ नका" असे सांगितले तेव्हा आमच्या मनात पहिल्यांदा हेच आले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मराठी साहित्याला अंधार ठाऊक आहे, अंधारानंतरची पहाटही ठाऊक आहे. उपचार सुरू झाला आहे आणि गुण आलेला नाही, या मधल्या दिवसांना मात्र त्याने जवळजवळ जागाच दिलेली नाही. आणि साहित्य शिकणारी-शिकवणारी माणसे नेमकी याच दिवसांत औषध सोडतात, याचा या अभावाशी काही संबंध आहे, असे आम्हांला वाटते.

आधी औषधाचे. या औषधांची कथाच अपघाताने सुरू होते. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिले जात होते आणि रोगी अनपेक्षितपणे उत्साही दिसू लागले. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलंड कून या मनोविकारतज्ज्ञाने इमिप्रामीनविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांच्या पिढीतले फ्लुओक्सेटीन अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्य झाले. आम्हांला मिळालेले एस्सिटालोप्राम त्याच कुळातले. पहिला आठवडा पाच मिलिग्रॅम, नंतर दहा, रोज नाश्त्यानंतर.

यातली विलक्षण गोष्ट अशी की ही गोळी आपले रासायनिक काम पहिल्या काही तासांतच सुरू करते. सिरोटोनिन हे द्रव्य पेशीत परत शोषले जाण्याची वाट ती अडवते. तरीही माणसाला बरे वाटू लागायला दोन ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहूनही अधिक. असे का, याची एकाहून अधिक स्पष्टीकरणे दिली जातात. सिरोटोनिन वाढताच पेशी स्वतःच त्याला लगाम घालते आणि तो लगाम सैल व्हायला काही आठवडे जातात, हे एक. मेंदूतील पेशींचे परस्परसंबंध हळूहळू नव्याने जुळावे लागतात, हे दुसरे. सिरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येते, हे पूर्वीचे सोपे सूत्र तर आता डळमळले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याने त्याला पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आणि बराच वाद झाला. औषधाचा उपयोग होतो की नाही हा प्रश्न वेगळा, तो का होतो हा वेगळा. समीक्षेचे विद्यार्थी असल्यामुळे ही गोष्ट आम्हांला लवकर पटली. कविता परिणाम करते याविषयी एकमत असूनही ती का करते याविषयी आपल्याकडे कुठे एकमत आहे?

परंतु वाट पाहणे म्हणजे नुसते थांबणे नव्हे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत काहींची अस्वस्थता उलट वाढते. मळमळ, हातांना कंप, पहाटे साडेतीनला उघडणारे डोळे, छातीत धडधड. ज्यासाठी औषध घेतले तेच औषधाने वाढवले, असे वाटते. डॉक्टरांनी याची पूर्वकल्पना दिली होती आणि पहिल्या दहा रात्रींपुरती क्लोनाझेपामची छोटी मात्राही दिली होती. तिची सवय लागू शकते म्हणून दहाच रात्री, असे बजावून. पूर्वकल्पना असूनही चौथ्या दिवशी आमच्यापैकी एकाने गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकली आणि दुसऱ्याने ती उचलून पुसून परत आणली. तेव्हा यात विनोद वाटला नव्हता.

येथे भाषेचा प्रश्न येतो. घालमेल, उलघाल, तगमग, तळमळ, हुरहूर, धास्ती, धाकधूक. मराठीत या जातीच्या शब्दांची श्रीमंती आहे आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. घालमेल पोटापासून वर येते, हुरहूर संध्याकाळची असते, धास्तीला निदान एखादे कारण लागते. हे सारे शब्द आम्ही विरहाच्या कवितांचे रसग्रहण करताना वापरतो. डॉक्टरांनी "काय होतंय?" असे विचारले तेव्हा मराठीच्या या प्राध्यापकाच्या तोंडून एकच शब्द निघाला : 'टेन्शन'. पुढच्या भेटीत आम्ही नीट सांगितले. काळजी नाही, कारण कशाची ते सांगता येत नाही. उलघाल आहे, ती पहाटे अधिक असते, अकरानंतर ओसरते. डॉक्टरांनी मान वर करून पाहिले आणि गोळीची वेळ तीच ठेवून इतर दोन प्रश्न अधिक विचारले. नेमका शब्द ही अलंकाराची बाब नाही, हे आम्ही वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. ते आम्हांला दवाखान्यात कळले. (चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचा फरक, हे सुभाषित मात्र आम्ही आता विद्यार्थ्यांना सांगत नाही. त्याने कोणाची चिंता कमी झाल्याचे ऐकिवात नाही.)

आता अधिक अवघड मुद्दा. आमच्या पेशातल्या माणसाला औषधाची एक खास भीती असते, ती दुष्परिणामांची नव्हे. संवेदना बोथट होतील, ही ती भीती. दुःख हे आपले भांडवल आहे, असे आपण कळत-नकळत मानत आलो. बालकवींचे औदासीन्य, ग्रेस यांचे दुःख, 'कोसला'च्या पांडुरंगाचे तुटलेपण यांवर आम्ही तासच्या तास बोललो आहोत. त्या कृती थोर आहेत. आक्षेप त्यांच्यावर नाही. आक्षेप आमच्यावर आहे, कारण शिकवताना आम्ही कवितेतल्या उदासीनतेचे जे मोल सांगितले ते समोर बसलेल्या मुलाने आपल्या स्वतःच्या उदासीनतेला लावून घेतले असेल, असा विचार आम्ही केला नाही. शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला आम्ही 'अंतर्मुख' म्हटले आणि पुढच्या तासाला गेलो.

त्या दिवसांचा आमचा अनुभव उलट सांगतो. वाचन औषधाने नव्हे, चिंतेने हिरावले होते. पानावरचे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचायच्या आत विरून जाई. कादंबरी अशक्य, कविता तर नकोच. प्रत्येक ओळ आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखी अंगावर येई. जे वाचता आले ते सांगायला थोडा संकोच वाटतो : मोल्सवर्थचा कोश आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. कोशाला कथानक नसते, तो कोठेही उघडता येतो, कोठेही मिटता येतो आणि पुढे काय होणार ही धास्ती त्यात नसते. १८५७ च्या त्या आवृत्तीतील एकेका नोंदीने आमच्या पहाटा तारून नेल्या आहेत. 'रुचिरा'चे सांगायचे तर तिच्यातल्या कृतीला सुरुवात, मध्य आणि खाता येण्यासारखा शेवट असतो.

बाकी उपाय साधे होते आणि सगळेच चालले असे नाही. चहा दोन कपांवर आणला. पाऊस असला तरी संध्याकाळी छत्री घेऊन अर्धा तास चालणे. प्राणायाम एकाच्या कामी आला नाही, श्वासाकडे लक्ष दिले की धडधड अधिक ऐकू येई. तो सोडून दिला आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेणेही सोडले. एका वहीत रोज एक ओळ : झोप किती, जेवण काय, चालणे झाले की नाही. ललित लेखनास सक्त मनाई. ही अट सोबत्याने घातली होती, आणि ती फार शहाणपणाची ठरली, कारण आमच्यासारख्यांना लेखणी मिळाली की त्रासाचाही परिच्छेद होतो आणि मग तो परिच्छेद आपल्याला आवडू लागतो.

सोबतीविषयी थोडे अधिक लिहायला हवे. पहिला आठवडाभर सोबती रोज सकाळी साडेसहाला फोन करून "कसं वाटतंय?" असे विचारत होता. प्रश्न प्रेमाचा, परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी माणसाला आत उतरून पाहावे लागते, आणि आत तर तेच असते ज्याच्याकडे पाहू नये. शिवाय 'अजून तसेच' हे उत्तर रोज देताना आपण परीक्षेत नापास होत असल्यासारखे वाटते. आठव्या दिवशी तो प्रश्न बंद झाला. त्याऐवजी "झोप किती झाली? नाश्ता झाला का?" असे सुरू झाले. यांची उत्तरे देता येतात. आपल्याकडे कोणी भेटले की आधी "जेवलात का?" असे विचारतात. हा प्रश्न आम्ही आजवर नुसता उपचार समजत होतो.

इतरांचे सल्लेही होते. मन रमवा, सकारात्मक राहा, गोळ्यांची सवय लागते. या शेवटच्या वाक्यानेच कित्येक पट्ट्या कचऱ्यात जातात. या गोळ्यांची व्यसनासारखी ओढ लागत नाही; मात्र त्या एकदम थांबवल्या तर त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. गावातल्या मेडिकलमध्ये आमचाच माजी विद्यार्थी बसतो म्हणून पहिल्या महिन्याच्या गोळ्या आम्ही एस.टी.ने तालुक्याला जाऊन आणल्या, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महिन्यात त्याच्याकडेच गेलो. त्याने चिठ्ठी पाहिली, गोळ्या मोजून दिल्या आणि "सर, सुट्टे आहेत का?" एवढेच विचारले.

आमचे वाचक बहुतांशी पंचविशीच्या आतबाहेरचे विद्यार्थी आहेत, म्हणून एक गोष्ट आडवळण न घेता लिहितो. या वयात उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत काहींच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुले व किशोर यांच्यासाठी आणि २००७ मध्ये चोविशीपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा औषधावर छापणे बंधनकारक केले. याचा अर्थ औषध घेऊ नये असा नाही. असे विचार आले किंवा बेचैनी असह्य झाली तर पुढच्या भेटीची तारीख येण्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्या कोणाला तरी सांगायचे, असा आहे. भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक आम्ही विभागाच्या सूचनाफलकावर लावला आहे. तो काढून टाकण्याची सूचनाही आली होती. 'उगाच मुलांच्या डोक्यात भरते' म्हणून. फलकावर तो अजून आहे.

मधल्या दिवसांना आपल्या कलेत जागा नाही, असे वर म्हटले. त्याला एक अपवाद आठवतो आणि तो पुस्तक नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव', ज्याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नैराश्यात बुडालेला एक तरुण आणि कोकणच्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण करणारी माणसे. त्यात काम करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी वाळूत उबायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. तोवर कुंपण घालायचे, कोल्ह्याकुत्र्यांपासून जपायचे. उकरून पाहायचे नाही. सोबत्याने हा चित्रपट विसाव्या दिवशी पुन्हा पाहिला, एकट्याने. 'राखण' हा शब्द त्याला तेथे सापडला. तोवर तो स्वतःला निरुपयोगी समजत होता.

१७ ऑगस्टला निज श्रावण लागला. त्या दिवशी गुण आला असे लिहिता आले असते तर लेखाला बरे पडले असते. तसे झाले नाही. एकतिसावा दिवस तिसाव्यासारखाच गेला. डॉक्टरांनी मात्रा तशीच ठेवली, आणखी दोन आठवडे पाहू म्हणाले, नाहीतर औषध बदलू. पहिलेच औषध प्रत्येकाला लागू पडते असे नाही. वहीत त्या आठवड्याच्या नोंदी अशा आहेत : झोप पाच तास. झोप साडेपाच. भात, आमटी. चाललो नाही, पाऊस.

पुढे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना आमचे भांडण झाले. एका मुलीने संदर्भ चुकवला होता, पण कवितेविषयी दोन वाक्ये स्वतःची लिहिली होती. एकाचे म्हणणे तीन गुण, दुसऱ्याचे साडेचार. आवाज चढले, शिपाई डोकावून गेला. अर्ध्या तासाने चार ठरले. त्या दिवशीची ओळ वहीत नाही, आणि तिच्या पुढच्या दोन दिवसांचीही नाही. ती का नाही, हे आधी सोबत्याच्या लक्षात आले.