नटाचे वय काय मोजता?

रुमानियाचा नट राडू बेलिगान २० जुलै २०१६ रोजी, ९७ वर्षांचा होऊन वारला. त्याची आठवण निघाली की पहिल्याने काय सांगतात? सर्वांत वयोवृद्ध कार्यरत रंगनट म्हणून २०१३ साली गिनेस बुकात त्याचे नाव चढले, हे! अहो, नट म्हणजे काय वडाचे झाड आहे, वर्षे मोजायला?

सांगावयाचे ते निराळेच आहे. १९६४ साली बुखारेस्टच्या कॉमेडी थिएटरात आयोनेस्कोचे गेंड्यांचे नाटक लागले. हे थिएटर १९६१ साली बेलिगाननेच उभे केलेले. नाटकात गावची माणसे एकेक करून गेंडे होत जातात. एकटा बेरांजे माणूस राहण्याचा हट्ट धरतो. हा बेरांजे होता बेलिगान. तोही कम्युनिस्ट राजवटीत! आणि हाच नट त्याच पक्षाच्या मध्यवर्ती समितीत बसला. १९६९ पासून १९९० पर्यंत राष्ट्रीय नाट्यगृहाचा संचालक राहिला.

गौरव करणारे ही समिती गिळतात, निंदक तो बेरांजे. मृताविषयी वाईट बोलू नये म्हणे! मग चांगले तरी पुरते बोलता का? अर्धीच उत्तरपत्रिका तपासून आम्ही मास्तरांनी गुण दिले, तर पालक दारात येऊन उभे राहतील. मला विचाराल, तर बेरांजेला मी भरघोस गुण देईन, समितीतल्या खुर्चीचे कापीन; पण पान फाडणार नाही.