दान नव्हे, वाटा!

गोरेगाव पूर्वेकडून आरे कॉलनीच्या रस्त्याने निघाले, की भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराकडे चाललेल्या वारली स्त्रिया आजही दिसतात. 1949 साली मुंबईला दूध पुरविण्यासाठी शासनाने सुमारे 1287 हेक्टर जमिनीवर येथे दुग्धवसाहत उभारली, तेव्हा त्यांचे पाडे या जमिनीवर होतेच. वसाहत आली, जमीन सरकारी झाली, आणि मूळचे रहिवासी कागदोपत्री अतिक्रमक ठरले. पुढे चित्रनगरी आली, राखीव पोलीस दल आले. 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना इमारतीत खोल्या मिळाल्या. पण परसातली भाजी, आंबा-फणस आणि कोंबड्या यांचा हिशेब कोणत्याही पंचनाम्यात बसला नाही.

या जमिनीची किंमत प्रत्येक प्रकल्पागणिक वाढत गेली. ती वाढ कोणाची? ज्याला सर्वांना मूलभूत उत्पन्न म्हणतात, त्या मागणीचे मूळ या प्रश्नात आहे. प्रत्येक नागरिकाला, तो काय करतो हे न विचारता, दरमहा ठराविक रक्कम हक्काने मिळावी, एवढाच तिचा अर्थ.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, 1972 च्या दुष्काळात ती कसाला लागली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क भारतात प्रथम या राज्याने मान्य केला. परंतु ती हमी ग्रामीण भागापुरती होती, आणि 2005 चा केंद्रीय कायदाही तसाच. आरेचा आदिवासी महापालिकेच्या हद्दीत राहतो. जगण्याने तो रानातला, नकाशाने शहरातला. त्यामुळे हमी त्याच्या दाराशी पोचलीच नाही.

मग 2024 साली लाडकी बहीण योजना आली. दरमहा 1500 रुपये थेट स्त्रीच्या खात्यात जाऊ लागले. या रकमेची हेटाळणी आम्ही करणार नाही. जिच्या हाती स्वतःचा पैसा कधी आला नाही, तिला तिचे मोल ठाऊक आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. निवडणुकीपूर्वी अर्ज सढळ हाताने स्वीकारले गेले आणि निवडणूक आटोपताच छाननी सुरू झाली. जे सत्ताधाऱ्याच्या मर्जीने मिळते ते मर्जीने जाते. अटींच्या चाळणीतून लबाड सुटतात आणि अडकतो तो दाखले नसलेला. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांचे नाव कोणत्याही दप्तरात लिहिले गेले नाही, त्यांनी तो कोठून आणावा? म्हणून उत्पन्न सर्वांना हवे. श्रीमंताला दिलेले करातून परत घेता येते; गरिबाला नाकारलेले मात्र परत देता येत नाही.

हे दान आहे काय? टॉमस पेन याने 1797 सालीच मांडले होते, की जमीन ही सर्वांची समाईक मालमत्ता असल्याने ज्याने ती ताब्यात घेतली, तो समाजाचे भाडे लागतो. त्या भाड्यातून प्रत्येकाला वाटा मिळावा. अमेरिकेतील अलास्का राज्य 1982 पासून तेलाच्या उत्पन्नावर उभारलेल्या निधीतून रहिवाशांना दरवर्षी लाभांश देत आले आहे. अलास्काला तेल आहे, तर मुंबईला जमीन आहे. चटईक्षेत्राचे अधिमूल्य आणि सरकारी जमिनींचे भाडे यांतला ठराविक हिस्सा अशा निधीत का जाऊ नये?

फुकटचा पैसा माणसाला आळशी बनवतो, असे म्हणतात. भाडे आणि व्याज यांवर जगणाऱ्यांबद्दल ही काळजी कोणी व्यक्त करीत नाही! 2011-12 मध्ये सेवा संघटनेने मध्य प्रदेशातील काही गावांत असा प्रयोग केला. लोकांनी शेळ्या-गुरे घेतली, आहार सुधारला, आणि कित्येक मजूर स्वतःच्या शेतीकडे वळले.

खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. 2024 च्या मतदारयादीतील सुमारे 9 कोटी 70 लाख प्रौढांना दरमहा 1500 रुपये द्यायचे, तर वर्षाला सुमारे पावणेदोन लाख कोटी लागतील. म्हणजे राज्याच्या 2025-26 च्या सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पाचा चौथा हिस्सा. एकटे राज्य हे पेलू शकणार नाही. केंद्राला यात उतरावे लागेल आणि संपत्तीवर कर बसवावा लागेल. 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने या कल्पनेला स्वतंत्र प्रकरण दिले होते. पुढे पाऊल मात्र पडले नाही.

एक सावधगिरी हवी. मिल्टन फ्रीडमनसारखे बाजारवादीही किमान उत्पन्नाचा पुरस्कार करीत होते. पण त्यांना ते कल्याणकारी योजनांच्या ऐवजी हवे होते. रेशन, शाळा आणि दवाखाना काढून घेऊन हातात नोटा ठेवणे हा समाजवाद नव्हे. तसेच पाड्याखालची जमीन काढून घेऊन दरमहा रक्कम देणे हाही न्याय नव्हे. वनहक्क, कामाचा हक्क आणि उत्पन्नाचा हक्क या एकाच लढ्याच्या तीन आघाड्या आहेत.

येत्या काळात प्रत्येक पक्ष पैशांची आश्वासने घेऊन पाड्यांवर जाईल. आपल्या कार्यकर्त्यांनी तेथे रकमेची चढाओढ करू नये. त्यांनी एवढेच सांगावे, की बाई, हे तुला कोणी देत नाही. हे तुझेच आहे, आणि आजवर ते दुसऱ्याच्या खात्यात जमा होत होते.