खरपूस दिसले म्हणजे शिजले असे नाही

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली आणि खाऊन टाकलेल्या जनावरांची हाडे सापडली. हाडांवर कापल्याच्या खुणा होत्या आणि ती भाजलेलीही होती. मांस विस्तवावर भाजून खाण्याची रीत या मातीत इतकी जुनी आहे. आज याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे आणि फ्लॅटमधल्या ओट्यावर विस्तवाऐवजी विजेचे ग्रिल येऊ लागले आहे.

दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये पदार्थ दाबून भाजणारे हे यंत्र म्हणजे सँडविच ग्रिलरचे थोरले भावंडच. त्यावर ‘स्टेक’, म्हणजे मांसाचा जाड, बहुधा बिनहाडाचा तुकडा भाजतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या मांसावर बंदी असल्याने घरोघरी तो बहुधा चिकनचा, मटणाचा किंवा सुरमईचा असतो. ज्वाला नाही, दोन्ही बाजू एकदम भाजतात, सुटलेली चरबी खालच्या तबकात जाते. चरबी निखाऱ्यावर पडून होणारा धूर आणि त्यातली घातक रसायने इथे बरीच कमी होतात. हा फायदा खरा आहे.

धोका आहे तो रंगावर विसंबण्यात. पत्रा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. तुकड्याचा पृष्ठभाग काही मिनिटांत तपकिरी होतो, पण मधला भाग तेव्हा ४०-५० अंशांवरच असू शकतो. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर यांसारखे जंतू तेवढ्या उष्णतेत तग धरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचे निकष असे: अखंड तुकड्याच्या मध्यभागी ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटे विसावा, खिम्याला ७१ अंश, कोंबडीला ७४ अंश.

खिम्याला अधिक उष्णता का? अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तिथेच मरतात. खिमा करताना पृष्ठभाग आत मिसळला जातो आणि जंतूही आत जातात. काट्याने टोचून मसाला मुरवला, तरी तेच घडते. १९९३ मध्ये अमेरिकेत कच्च्या राहिलेल्या बर्गरमधील ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. आपल्याकडे मांस दुकानापासून घरापर्यंत नेहमी थंड राहतेच असे नाही. त्यामुळे आत गुलाबी ठेवण्याचा शौक नकोच. सर्व मांसाला ७५ अंश हा एकच आकडा ध्यानात ठेवणे सोपे. लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि मधुमेहींच्या घरी तर तो पाळलाच पाहिजे.

इथे विजेचा प्रश्न येतो. २३० व्होल्टवर १५०० वॉट देणारे ग्रिल १८० व्होल्टवर जेमतेम ९२० वॉट देते, कारण व्होल्टेज घटले की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी दाब कमी असलेल्या गावात पुस्तिकेतली ‘सहा मिनिटे’ म्हणूनच फसवी ठरतात. वेळ मोजण्यापेक्षा तापमान मोजावे. टोकदार स्वयंपाकी थर्मामीटर तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. असे यंत्र साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढते, म्हणून अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

उलट टोकही टाळावे. काळे पडेपर्यंत भाजलेल्या मांसात कर्करोगाशी संबंध असलेली हेटरोसायक्लिक अमाइन्स वाढतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तीव्र आचेवर तळताना निघणारा धूर २०१० मध्ये, तर लाल मांस २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले. त्यामुळे ग्रिल खिडकीजवळ ठेवावे, पंखा लावावा, जळालेली चरबी प्रत्येक वेळी पुसावी आणि करपलेला भाग काढून टाकावा. कच्च्या मांसाची पाटी-सुरी कोशिंबिरीला वापरू नये. चिकन नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

ग्रिल विकणाऱ्यांनी खोक्यात पाककृतींची रंगीत पुस्तिका देण्याआधी मराठीत तापमानाचा तक्ता आणि एक थर्मामीटर द्यावा. हजारो रुपयांच्या यंत्रात तेवढा खर्च सहज सामावतो. तोवर ही काळजी घरातल्यांनीच घ्यायची आहे. पाहुणे जेवायला बसले असले, तरी तुकड्याच्या मध्यभागी ७५ अंश होईपर्यंत ताट वाढायचे थांबवावे.