टोरांटोचे वेतन आणि टोरांटोचा प्रांत

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने सर्वसाधारण किमान वेतन, म्हणजे तासाभराच्या श्रमासाठी मालकाने द्यावयाची कायद्याने ठरलेली किमान रक्कम, १ जानेवारी २०१८ रोजी ११.६० डॉलरवरून १४ डॉलरवर नेले. मात्र त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या डग फोर्ड सरकारने पुढील वर्षीची १५ डॉलरपर्यंतची वाढ रोखली आणि टोरांटो नगरपरिषदेच्या ऐन निवडणुकीच्या काळात तिचे ४७ प्रभाग २५ वर आणले. टोरांटोत रात्री कचेऱ्यांच्या फरशा पुसणाऱ्या बाईला आणि टिमिन्स या उत्तरेकडील खाणगावात गल्ल्यावर बसणाऱ्या तरुणाला वेतनाचा दर एकच, पण पहिलीच्या कमाईचा फार मोठा वाटा घरभाड्यातच जातो, ही विषमता खरी आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तरीही टोरांटोचा स्वतंत्र प्रांत करावा, ही जुनी मागणी तिच्यावरचा योग्य उपाय ठरत नाही, कारण नव्या प्रांतासाठी संघीय संसदेबरोबरच सर्व प्रांतांची मिळून किमान निम्मी लोकसंख्या सामावणाऱ्या किमान सात प्रांतांची संमती लागते, आणि ती मिळालीच तर टोरांटोच्या करांवर विसंबलेली उत्तरेकडील रुग्णालये उघड्यावर पडतील. अमेरिकेतील सिएटलने २०१४ मध्ये १५ डॉलरचे वेतन शहराच्याच अधिकारात ठरवले, तोच अधिकार प्रांताने साध्या कायद्याने टोरांटोला द्यावा. पण कायद्याने दिलेले कायद्यानेच काढूनही घेता येते, कारण १८६७ च्या संविधानानुसार नगरपालिका ही प्रांताची निर्मिती आहे, आणि प्रभागकपातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताच्याच बाजूने कौल दिला.