सोन्याचे कण आणि आपली मराठी

उच्च शास्त्रीय विषयांना मराठी पुरी पडत नाही, असे पुष्कळ पालक बोलून दाखवितात. या मताची परीक्षा घ्यावयाची तर अवघड विषयच घेतला पाहिजे. म्हणून डीएनए व सोन्याचे अतिसूक्ष्म कण एकमेकांस कसे बांधले जातात, ते पाहू.

डीएनएच्या दुहेरी गोफाची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखांश भागाच्या दुप्पट. त्याच्या कण्यातील फॉस्फेटांवर ऋण विद्युत्भार असतो. सोन्याच्या कणांवर सायट्रेटचे आवरण असेल तर तेही ऋणभारित. साहजिकच दोघे परस्परांस दूर लोटतात. आवरण धनभारित अमाइन गटांचे असेल, तर मात्र डीएनए कणाला चिकटतो. तथापि ही ओढ आंधळी होय. तिला कोणताही डीएनए चालतो.

१९९६ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन, रॉबर्ट लेट्सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळख पटवून बांधणारी रीत दाखविली. डीएनएच्या आखूड एकेरी धाग्यांच्या टोकांस त्यांनी गंधकयुक्त गट जोडले. गंधकाचे सोन्याशी सख्य असल्यामुळे हे धागे १३ नॅनोमीटर व्यासाच्या कणांवर पक्के बसले. कणांचे दोन गट केले व प्रत्येकास निराळे धागे दिले. मग दोहोंशी जुळणारी टोके असलेला डीएनए द्रावणात घालताच कण एकत्र गुंफले गेले आणि तांबडे द्रावण जांभळट झाले. तापविल्यावर जोड्या सुटल्या व तांबडा रंग परत आला.

यात कोणता विचार मराठीवाचून अडला? नावे परकी आहेत, हे खरे. परंतु पगार, चावी, बटाटा हे शब्दही पोर्तुगिजांकडूनच आले, आणि ते आज कोणास परके वाटत नाहीत.

इंग्रजीचा अव्हेर करावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पुढील ग्रंथ त्या भाषेत आहेत. ती उत्तम आलीच पाहिजे. परंतु सायट्रेटचा कण डीएनएला दूर का लोटतो, हे ज्याला घरी आजीला सांगता येत नाही, त्याने इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हटली तरी त्याला विषय कळला असे मी मानणार नाही. परीक्षेत गुण मिळतील. प्रयोगशाळेत मात्र ते पाठांतर कामास येणार नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, पुढील वर्षीच्या अंकासाठी प्रत्येकाने एक तरी शास्त्रीय प्रक्रिया स्वतःच्या मराठीत लिहून आणावी. जेथे लेखणी अडेल, तेथे आधी भाषेला बोल न लावता विषय पुन्हा वाचावा.