आवडीचे ऋण

दीपावलीच्या या अंकासाठी आम्ही यंदा आमच्या लेखकांपुढे एकच विषय ठेवला होता. ज्या गाण्याने, ज्या नाटकाने अथवा ज्या ग्रंथाने आपल्या आयुष्याला वळण लावले, त्याविषयी मनापासून लिहावे, एवढीच आमची विनंती होती. आलेले साहित्य दफ्तरी दाखल करून घेताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली ती ही की, जवळजवळ प्रत्येक लेखात आवडत्या गाण्याच्या अगोदर एखादे माणूस येऊन उभे राहते: कोणाची पहाटे जात्यावर ओव्या म्हणणारी आजी, कोणाचे नाट्यपदांची वही जिवापाड जपणारे मामा, तर कोणाचे शेजारी, ज्यांच्या रेडिओचा आवाज साऱ्या वाड्याच्या मालकीचा असे. आवडनिवड ही ज्याची त्याची खासगी बाब, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु आवड ही बहुधा कोणाच्या तरी हातून आपल्या पदरी आलेली असते, आणि म्हणून तिच्यावर आपला हक्क असतो तितकेच तिचे आपल्यावर ऋणही असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या ऋणाचा सर्वांत ठळक दाखला पंडित भीमसेन जोशी यांच्या चरित्रात सापडतो. गदगमधील एका शिक्षकाच्या घरी वाढलेला हा मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकतो काय, आणि १९३३ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, असे गाणे शिकवणारा गुरू हवा म्हणून घर सोडून निघतो काय, हे आज वाचतानाही मन थक्क होते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती तबकडी एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे; तेवढ्या अवकाशात त्या बालकाच्या कानी जे पडले, त्याने त्याला ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर अशी दूरदूरची वाट तुडवायला लावली आणि अखेर १९३६ साली कुंदगोळला रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या पायाशी आणून बसवले. सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य. तेव्हा ज्या स्वराने त्याला घराबाहेर काढले, त्याच स्वराच्या घरात त्याला आश्रय मिळाला. पुढे १९५२ साली गुरू निवर्तले आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीचा महोत्सव सुरू झाला. थंडीच्या त्या रात्री अंगाभोवती शाल लपेटून मांडवात बसलेल्या किती श्रोत्यांना आपापल्या आयुष्याचा स्वर तेथे गवसला असेल, त्याची नोंद कोणत्याही रोजकीर्दीत नाही. पण बालवयातील एका ओढीचे ऋण माणसाने जन्मभर कसे फेडावे, हे मात्र त्या महोत्सवाने आपल्याला दाखवून दिले.

केवळ ऐकल्याने आवड जडते, असेही नव्हे. ती सहवासाने मुरते, आणि सहवासाला काळ लागतो. ज्या घरात मोजक्याच तबकड्या असत, तेथे त्याच त्या पुनःपुन्हा लावल्या जात. साहजिकच गायकाचा श्वास कोठे थांबतो आणि सूर कोठे किंचित थरथरतो, हेही घरातल्या पोराला पाठ असे. टंचाईचा गौरव करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, कारण त्या काळी पुष्कळांच्या वाट्याला गाणे आलेच नाही, हेही तितकेच खरे आहे.

तथापि प्रतीक्षेत एक निराळे सामर्थ्य असते, आणि त्याची साक्ष 'गीतरामायण' देते. सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही गीतमाला १९५५ च्या रामनवमीस, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली. आठवड्याला एक नवे गीत असा तिचा क्रम होता. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली आणि पुढील रामनवमीस मालेची सांगता झाली. कथा तर घराघरांत ठाऊक होती. तरीही पुढील गीतासाठी सारा आठवडा वाट पाहणारे आणि प्रक्षेपणाच्या वेळी रेडिओपुढे उदबत्ती लावणारे श्रोते महाराष्ट्रात होते. नव्या गीतासाठी असा आठवडा थांबावे लागल्याने, हाती असलेले गीत तेवढा काळ मनात घोळत राही, आणि गीतरामायण मराठी घरांच्या स्मृतीत इतके खोल रुजले याचे एक कारण आम्हांस यातच दिसते.

आजच्या तरुणांना अभिरुची नाही, अशी तक्रार आमच्या टपालात नेहमी येते. ती आम्हांस मान्य नाही. त्यांच्या हाती जगातील सारे संगीत आहे; त्यांच्याजवळ बसून एखादी चीज अथपासून इतिपर्यंत ऐकणारी वडील माणसे मात्र उरली नाहीत, आणि हा कसूर तरुणांच्या खाती मांडणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून घरात आलेला अंक आळीपाळीने सर्वांनी वाचावा आणि मग शेजारी द्यावा, ही वहिवाट मराठी माणसाने चालवली. गाण्याचीही तशीच वहिवाट पडायला हवी.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे आवरल्यावर घरातील मुलांना जवळ बसवा, तुमच्या आवडीचे एक गाणे त्यांच्यासह पूर्ण ऐका, आणि ते तुमच्यापर्यंत ज्याने आणले त्याचे नाव त्यांना सांगा. मग त्यांच्या आवडीचे एखादे गाणे, तितक्याच आदराने, त्यांच्याकडून मागून घ्या.